खालचा पत्रा

हेक्सहॅमला, एका बंगल्यापुढच्या खडीवर
ती उभी होती. हिरवी, बुटकी,
दाराशी काढून ठेवलेल्या एकाच चपलेसारखी.

थर्लवेल नावाचे गृहस्थ, पंचाहत्तरीचे,
काखेत फाइल, पावत्या तारखेवार लावलेल्या,
पहिल्या बॅटरीचीसुद्धा.
"चालू करून दाखवा," मी म्हटलं
आणि सांगलीतली एक संध्याकाळ आठवली:
"जरा चालून दाखव," मला म्हणाले होते लोक,
बशा हातातच धरून.
इंजिनाने पहिल्या हाकेला ओ दिली.
मी नव्हती दिली.

यादी करून नेली होती.
डिकी: दहा किलो तांदूळ आडवा, वर कुकर, संपलं.
कोथिंबीर मांडीवर.
छप्पर कापडी; मागची प्लास्टिकची खिडकी
मोतीबिंदू पिकल्यासारखी.
मागची सीट: नाही.
म्हणजे कुणाला विमानतळावरून आणणं नाही,
कुणाची पेटी हॉलवर पोचवणं नाही,
"तुमची गाडी मोठी आहे ना" हे वाक्य नाही.
हे तोट्यांत लिहिलं होतं.
तिथेच उभ्या उभ्या बाण काढून
पलीकडच्या रकान्यात नेलं.

बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं.
उठायचं म्हणजे
हात द्यायला माणूस हवा.
"म्हणूनच विकतोय," थर्लवेल म्हणाले,
"दोन्ही खुबे बदललेत."

खुबे.
एकतीस वर्षं मी न्यूकासलच्या हॉस्पिटलात
खुब्यांचे फोटो काढले. कदाचित यांचेही.
काय दिसतं ते पेशंटला सांगायचं नाही,
"डॉक्टर सांगतील" एवढंच,
आणि चेहरा कोरा.

पर्समधून फ्रिजचं लोहचुंबक काढलं,
लेकीने आइसलँडहून आणलेला पफिन पक्षी.
दाराखालच्या पत्र्याला लावून बघ, भाचा म्हणाला होता.
जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही,
लांबी भरलीय, वरून रंग.

उजवीकडे चिकटला. पुढे, मध्ये, मागे.
डावीकडे पुढे चिकटला.
मागच्या चाकाजवळ टपकन पडला.
पुसून पुन्हा लावला.
पडला.

थर्लवेल बघत होते. मग खालच्या आवाजात,
टेबलावर आडवे पडलेले लोक विचारतात तसं,
"वाईट आहे का?"
डॉक्टर सांगतील, अगदी ओठांवर आलं.
आवारात आम्ही दोघंच.
"आत काही उरलं नाहीये," म्हटलं. "नुसतं भरलंय."
त्यांनी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली.
"याची पावती नाही माझ्याकडे."

तरी चालवून बघितली.
मिलिटरी रोडवर, छप्पर पाडून, मफलर कानांवरून,
हीटरची ऊब फक्त पावलांना.
तो रस्ता सरळ आहे, पण असा खाली जातो
की पोट वरच राहतं.
तीस वर्षं गेले मी इथून, काचा लावून;
त्याला वास आहे हे माहीत नव्हतं.
ओली लोकर, कापलेलं गवत,
पुढच्या ट्रॅक्टरमधून सांडत चाललेलं काहीतरी.
थर्लवेल शेजारी गप्प,
प्रत्येक वळणाला माझ्याआधी
रिकाम्या जागी ब्रेक दाबत.

परत आल्यावर मी उतरले, वळसा घालून गेले,
हात दिला. जड होते.
फाइल सोडली नाही त्यांनी.

घरी विद्याधरने विचारलं, "सीट किती?"
"दोन."
मोजल्यासारखं करून म्हणाला,
"मग पिशव्या कुठे ठेवायच्या?"
म्हणजे स्वतःला त्याने धरलंच होतं.

पाकिटाच्या मागे आकडा लिहिला.
पत्र्याचे सहाशे वजा केले.
खोडून चारशे केले.
बराच वेळ पेन तसंच धरून बसले.

आता फ्रिजवर पफिन आहे,
आणि पफिनखाली
हेडन ब्रिजच्या वेल्डरचा नंबर.